रसिका मसाल्याला बसली

रसिकाला बसता येत नाही. म्हणजे खुर्ची दिली तर बसते, पण पाय हलत राहतो, आणि पाय थांबला तर बोटं टेबलावर वाजायला लागतात. शाळेत बाई म्हणायच्या, बाकाखाली कुत्रं बांधलंय का गं? घरी जेवताना अर्धी भाकरी ताटात आणि अर्धी हातात घेऊन ही गॅलरीत. तिची आई तर सगळ्यांना सांगते, पोटात होती तेव्हापण एका जागी नव्हती, सोनोग्राफीवाला डॉक्टर वैतागलेला.

ठाण्याच्या काचेच्या ऑफिसात तिला हेच नडलं. बीएमएसचं दुसरं वर्ष संपलेलं. कॉलेजने सांगितलेलं, उन्हाळ्यात कुठेतरी इंटर्नशिप करा, नाहीतर मार्क नाहीत. वर्गातली अर्धी पोरं त्या ऑफिसला मुलाखतीला गेली, ही पण गेली. तिथल्या मॅडमने विचारलं, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस? रसिका म्हणाली, "इथे तर नाही. इथे खिडकीपण उघडत नाही." मॅडम हसल्या, पण ते हसणं काही बरं नव्हतं. बाकीच्यांना मेल आले. हिला नाही आला.

मग आईने कांताकाकूला विचारलं.

कांताकाकू आणि रसिकाची आई एका चाळीत वाढलेल्या. कांताकाकूचं कोपरला, स्टेशनपासून आत गल्लीत, मसाला कांडायचं दुकान. वर तिची खोली, खाली डंक. डंक म्हणजे काय, तर जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं आणि त्यावर मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं. मुसळ वर जातं, धाडकन खाली येतं. सगळी भिंत हलते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्यावर मिरचीची धूळ बसते म्हणून काकू दिवसातून दोनदा तो पुसते. उन्हाळाभर ती गल्ली शिंकत असते. रिक्षावालेपण आत शिरायच्या आधी नाकाला रुमाल लावतात.

कॉलेजच्या सरांनी नाव ऐकून भुवया वर केल्या. "मसाला कांडप? बरं, धंदा आहे ना, चालेल. पण नुसती जाऊन बसू नकोस. तिथे काहीतरी सुधारणा करून दाखव."

नुसती बसू नकोस हे रसिकाला सांगायची काय गरज होती?

पण पहिल्याच दिवशी तिला कळलं, की या दुकानात बसणं हेच मोठं काम आहे. रीतच तशी. जिचा मसाला, ती बाई उखळासमोर स्टूल टाकून बसणार. तोंडाला पदर किंवा ओढणी, डोळ्यातून पाणी, पण नजर उखळावर. मिरची कुटून झाली, घरून भाजून आणलेले धणे, दगडफूल, त्रिफळं सगळं पडलं, चाळून झालं, चाळणीत उरलेली भरड परत उखळात गेली, शेवटी डबा भरला, झाकण लागलं, की मगच ती उठणार. मग पुढची बाई. तोवर बाकीच्या बाहेर पायरीवर आपापल्या पिशव्या मांडीला लावून.

डंक चालवायचा मारुतीमामा. साताऱ्याकडचा, पण सगळं आयुष्य याच उखळापाशी गेलेलं. मुसळ वर गेलं की त्याचा हात आत, खाली यायच्या आत हात बाहेर. बघणाऱ्याचा जीव वर-खाली.

"मामा, या बाया तुम्हाला चोर समजतात?" रसिकाने तोंडावर विचारलं.

"समजू दे की," मारुतीमामा म्हणाला. "बसल्याली बरी. घरी जाऊन नवऱ्याला कालवण तिखट लागलं, तर माझ्या नावानं खडे फुटत नाहीत. तिनं बघितल्यालं असतंय."

रसिकाला ते पटलं नाही. दोन-तीन दिवस तिने सहन केलं. पिशव्या उचलल्या, चाळण मारली, दहा वेळा चहा आणायला गेली. मग वैशालीताई आली. वैशालीताई हॉस्पिटलात नर्स, दरवर्षी काकूकडेच मसाला करायची. यंदा नुसतीच दारात उभी राहिली.

"कांताताई, यंदा नाही जमणार. सुट्टी नाही. बसायला कोणी नाही घरात. पाकिटातला घेते आता."

ती गेली आणि काकूचा चेहरा असा पडला, की जणू पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं.

"पाकिटातला!" काकू म्हणाली. "लाकडाचा भुसा खा म्हणावं."

"काकू, मग तिला सांगायचं ना पिशवी ठेवून जा म्हणून! आपण कुटतो, झालं की फोन करतो. काय बिघडलं?"

"बाई समोर नसली की मी कुटत नाही. माझी सासू पण नाही कुटायची."

"तुमच्या सासूच्या वेळी बायका नर्स नव्हत्या. आणि पाकीटवाल्यांकडे कोण बसतं समोर? कोणी नाही. तरी खातातच ना लोक?"

काकूने फडकं घेतलं. फोटो पुसला, जो आधीच पुसलेला होता. मग म्हणाली, "वैशालीला फोन लाव."

असं ते सुरू झालं. रसिकाने बादल्यांना वेगवेगळे रंग दिले, पिशवीवर नाव, बादलीवर नाव, डब्यावर नाव. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दारात लावलं: ठेवून जा, फोन करू. चार दिवसात नोकरीवाल्या बायांची रांग. सकाळी कामाला जाताना पिशवी टाकायची, संध्याकाळी डबा उचलायचा. रसिका फोटो काढून सरांना पाठवत होती आणि दुकानभर उड्या मारत होती. मारुतीमामा म्हणाला, "हिला मुसळाला बांधा, मोटरची गरज नाही."

काकू हसायची, पण संध्याकाळी प्रत्येक डबा उघडून एकदा वास घेतल्याशिवाय द्यायची नाही.

मग सखुबाई आली.

सखुबाई शीळफाट्याकडच्या गावातली, आगरी. हातभर हिरव्या बांगड्या, आवाज असा की डंक चालू असताना पण ऐकू येतो. कांताकाकूच्या धंद्यात सखुबाई म्हणजे काय, ते काकूनेच रसिकाला सांगितलेलं. ही जिथे मसाला करते, तिथे तिचं सगळं गाव करतं. ती एक तुटली तर काकूचा अर्धा उन्हाळा गेला.

त्या दिवशी सखुबाई टेम्पोत मिरच्यांच्या दोन गोण्या टाकून आली. नातवाचं लग्न. आगऱ्यांच्या लग्नात हळदीला गाव जेवतं, त्या हळदीच्या मटणाचा मसाला. पण नेमकं तिला साड्या घ्यायला कल्याणला जायचं होतं, नवरीकडची माणसं तिथे साड्यांच्या दुकानात थांबलेली. ती पुठ्ठा वाचत उभी राहिली.

"ठेवून जा म्हंजे? आन् बसल कोन?"

"मी बसते ना आजी," रसिका म्हणाली.

"तू?" सखुबाईने तिच्या हलणाऱ्या पायाकडे बघितलं. "उठशील नाय ना गो?"

"नाही उठणार."

"हलदीचा मसाला हाय. हलदीचा मसाला येकटा सोडाचा नाय. घरान देवाला दावाचा हाय तो."

"आजी, तुम्ही बिनधास्त जा."

काकू तेव्हा जेवणाचं बघायला वर खोलीत गेलेली होती. हे बोलणं फक्त मारुतीमामाने ऐकलं.

आणि रसिका खरंच बसली. ओढणी बांधली, स्टूल ओढलं, नजर उखळावर. मिरच्या फुटायला लागल्या, लाल धूळ उठली, नाकातून, डोळ्यातून पाणी. पाय हलत होता, पण ती बसलेली. पहिली चाळण झाली. मग मांडीवरचा फोन थरथरला. ठाण्याचा नंबर.

डंकाच्या आवाजात काही ऐकू येईना. "मामा, आलेच," असं म्हणून ती बाहेर आली. काचेच्या ऑफिसातल्या मॅडम. एक मुलगा सोडून गेला, जागा रिकामी आहे, सोमवारपासून ये. रसिकाची सवय अशी, की फोनवर बोलताना चालत राहते. बोलत बोलत गल्ली संपली, रस्ता संपला, ती तळ्याच्या बाजूला पोचली. मॅडम म्हणाल्या, विचार कर, उद्या परत फोन करते. फोन ठेवला तेव्हा तिला धड कळत पण नव्हतं की आनंद झालाय की राग आलाय. आधी नाही म्हणाले, आता कोणी पळालं म्हणून हिची आठवण. पण ठाणे! एसी! वर्गातली सगळी पोरं!

परत आली तर उखळ रिकामं. अर्धा मसाला कुटून, चाळून डब्यात भरलेला. मोटर तापलेली म्हणून मामाने डंक बंद केलेला आणि तो चहा पीत होता.

"राहिलेलं उद्या," तो म्हणाला. मग कप खाली ठेवून, "लई लांब गेलीस."

रसिका डब्याकडे बघत राहिली. लालभडक मसाला. बिघडलंय काय? काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सखुबाई हजर. संध्याकाळी हळद. तिने डबा उघडला, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. पसंतीची मान डोलावली. मग रसिकाकडे वळली.

"बसलेलीस ना गो?"

रसिकाच्या आधी कांताकाकूच बोलली. "बसलेली म्हणजे काय! आमची पोरगी आहे ती. माझा शब्द आहे सखुबाई."

सखुबाईच्या पाठीमागे मारुतीमामा उभा. त्याने डोळे मोठे केले आणि हळूच मान वरखाली केली. हो म्हण. संपव. रसिकाला सगळं दिसत होतं. एक 'हो' म्हटलं की सखुबाई डबे उचलेल, गाव येत राहील, काकूचा उन्हाळा वाचेल. मसाल्यात खोट नाहीच आहे. कोणाचं वाकडं होणार होतं? काकूसाठी तिने कोणाशी पण भांडण केलं असतं. पण काकूने तिच्यासाठी शब्द टाकला होता. खोट्यावर टाकलेला काकूचा शब्द तिला तसाच राहू देता येईना.

"नाही आजी," ती म्हणाली. "मधेच उठले. फोन आलेला. परत आले तेव्हा झालेलं सगळं."

पायरीवरच्या बाया माना वळवून आत बघायला लागल्या. काकूने रसिकाकडे बघितलं नाही. तेच जास्त लागलं.

"फोन," सखुबाई म्हणाली. "फोन आला न् तू उठलीस. उद्या नवरा बोहल्यावर उभा असल न् फोन आला, तरी उठशील काय गो?"

"सखुबाई, मी होतो की इथं," मारुतीमामा मधे पडला. "मी हललो नाही."

"तू कुटनारा. कुटनारा न् बघनारा येक असतो काय? मंग मी इतकी वर्सा डोल्यान मिरची घालून कशाला बसले, हौस म्हनून?"

"मसाला चांगला आहे हो. तुम्हीच चाखलात ना आत्ता."

"चांगला हाय. मी नाय कुठं म्हनते? पन हा हलदीला चालाचा नाय. व्याही इचारतील, समोर करून घेतला ना? मी काय सांगू? फोन आला व्हता?" तिने पदर खोचला. "उरलेल्या मिरच्या द्या माज्या. शीळला दुसरा डंक हाय."

रसिका म्हणाली, "आजी, चूक माझी आहे. काकूला कशाला..."

"तू गप."

हे सखुबाई नाही म्हणाली. हे कांताकाकू म्हणाली. आणि जिना चढून वर गेली.

पायरीवर कुजबुज सुरू झाली. एक बाई आपली पिशवी उचलून म्हणाली, माझीपण परत द्या, मी रविवारी येऊन बसेन. दुसरीने तिचं बघून पिशवी उचलली. रसिकाने दोघींना पिशव्या दिल्या. तिला वाटत होतं, पळत सुटावं, कल्याणपर्यंत थांबूच नये.

काकू खाली आली ती खांद्यावर गोणी घेऊन. तिच्या घरच्या वर्षभराच्या मिरच्या. बेडगी आणि संकेश्वरी, पत्र्यावर वाळवलेल्या, देठ काढलेल्या. गोणी तिने सखुबाईसमोर टेकवली.

"अर्ध्या मिरच्या तुझ्या उरल्यात. कमी पडतात तेवढ्या या माझ्या. बघून घे, आवडल्या तर घे. गरम मसाला माझ्याकडे भाजलेला आहे, तोपण बघ. आत्ता कुटते. दुपारपर्यंत तुझ्या हातात."

सखुबाईने गोणीत हात घातला. एक मिरची मोडली, बी बघितलं, वास घेतला. काकूच्या मिरचीला नाव ठेवायला तिला काही सापडलं नाही, आणि त्याचा तिला जरा रागच आलेला दिसला.

"आन् बसल कोन?"

"मी बसते," काकू म्हणाली.

"नाय." सखुबाईने बांगड्या मागे सारल्या आणि बोट दाखवलं. "ही बसल. जी उठली ती बसल. आन् मी हिच्याकडं बघनार. उठली तर मी चालली, तू मंग मना बोलवू नको, कांता."

रसिकाने ओढणी बांधली आणि स्टूल ओढलं.

डंक सुरू झाला. पहिली धाड कानात, दुसरी दातात, मग सगळ्या अंगात. मिरचीचा ठसका गळ्याशी आला, खोकून खोकून डोळे बाहेर यायची वेळ. पाय हलायला लागला. सखुबाई समोरच्या स्टुलावर मांडी घालून, डोळे पाण्याने भरलेले, पण पापणी लवत नव्हती. ती उखळाकडे बघतच नव्हती. रसिकाच्या गुडघ्याकडे बघत होती.

रसिकाने दोन्ही हातांनी गुडघा धरला. मग बोटं वाजायला लागली. तिने मुठी वळल्या. मग पाठीत खाज सुटली, मानेत, टाळूत, जिथे कधी खाज नसते तिथेही. तिने मारुतीमामाचा हात बघायला सुरुवात केली. आत, बाहेर. आत, बाहेर. एकदा मामाने हात इतका उशिरा काढला की तिच्या तोंडून किंकाळीच निघाली. मामा हसला. मुद्दाम केलेलं त्याने.

"मामा, मारीन मी तुम्हाला!"

"बसून मार," मामा म्हणाला.

पायरीवरून कोणीतरी फिसकन हसलं. सखुबाई नाही हसली.

चाळण झाली, भरड परत उखळात गेली. उजव्या पायाला मुंग्या आल्या, मग मुंग्या पण गेल्या, पाय आहे की नाही कळेना. आणि तेव्हाच भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या तिच्या पिशवीत फोन वाजला.

डंकाच्या आवाजात तो कोणालाच ऐकू आला नसता. पण पिशवीतून उजेड दिसला. रसिकाने बघितला, सखुबाईने बघितला, काकूने पण.

रसिका हलली नाही. उजेड विझला. परत लागला.

सखुबाई म्हणाली, "जा की. ठान्यावाल्यांचा असल." काल रसिका पायरीवरून फोनवर बोलत गेलेली, ते सगळं तिला तिथल्या बायांनी एव्हाना सांगितलेलं.

"नाही."

"नोकरी जाल गो."

"आजी, तुम्ही मला उठवायला बघताय. मी नाही उठत."

तिसऱ्यांदा उजेड लागला तेव्हा काकूनेच फोन काढला, कानाला लावला आणि दुसरा कान बोटाने बंद केला.

"हॅलो! कोण? ... नाही, नाही, ती नाही येऊ शकत. ... बसलीय ती. ... अहो बसलीय! मसाल्याला! उठता येत नाही तिला! ... नाही, तब्येत ठणठणीत आहे!" मग काकूने फोन डोळ्यासमोर धरून बघितला. "कापला."

मुसळ चालू होतं म्हणून मारुतीमामाने स्वतःला सावरलं, नाहीतर तो हसून उखळातच पडला असता. सखुबाईने पदर तोंडावर दाबला. तिचे खांदे हलत होते, ते मिरचीने की कशाने, कोणाला कळलं नाही.

मसाला झाला. काकूने डबे भरले, वर हिंगाचे खडे ठेवले. सखुबाईने चिमूट घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. झाकण स्वतःच्या हाताने लावलं. मग कालच्या डब्याकडे हात केला.

"तो पन दे. हलदीला नको, घरान खाऊ. चांगला मसाला टाकाचा नसतो."

"आणि तुझ्या गावातल्या बाकीच्या बायका?" काकूने विचारलं. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झालेला.

सखुबाईने डबे रिक्षात ठेवायला लावले, आत बसली आणि फोन लावला. तिचा फोनवरचा आवाज पण तसाच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा.

"हां मालन, झाला मसाला. येतंय मी. ... नाय, कालचा नाय, आजचा. काल पोरगी उठली व्हती. ... अगो तिनंच सांगितलान ना! मना कसा कलनार? ... हां. तू आन तुजा मंगलवारी. सगल्याजनींना सांग. पन ठेवून येव नको हां, बसाचा. सोता बसाचा."

रिक्षा गेली. काकूने दारातला पुठ्ठा काढला नाही, पण उलटा केला. मग वळून रसिकाकडे आली. रसिका अजून स्टुलावरच. उठायला गेली आणि पाय असा दुमडला की मारुतीमामाने धरली म्हणून वाचली.

"माझ्या वर्षाच्या मिरच्या गेल्या तुझ्यापायी," काकू म्हणाली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर कल्याणला मार्केटला यायचं. गोणी तू उचलायची. फोन घरी ठेवायचा."

"उद्या कशाला काकू?" रसिका एका पायावर उभी राहून भिंत धरून बोलत होती. "आत्ता जाऊ की. दुपारी गर्दी नसते."

"अगं, पाय तर येऊ दे जागेवर."

"येईल चालता चालता," ती म्हणाली, आणि तिने एक चप्पल पायात घातलीसुद्धा.